शेडमधला पूर

टेम्पो मागे येत होता आणि मी त्याच्या मागे स्कूटरवर थांबलो होतो. मागे येताना वाजतं ते गाणं त्याला लावलेलं होतं, लहान मुलाच्या खेळण्यातल्यासारखं. तो हळूच येत होता. मी हॉर्न दिला असता तर थांबला असता. मी दिला नाही. टेम्पोचा पत्रा माझ्या पुढच्या चाकाला टेकला, हँडल जरासं वळलं, आणि तेवढंच. काही तुटलं नाही. मी स्कूटर स्टँडवर लावली, किल्ली काढून खिशात टाकली, पुढे गेलो, टेम्पोचं दार उघडलं आणि आतल्या माणसाला कॉलरला धरून खाली ओढलं. तिशीतला असेल. खाली येता येता तो म्हणाला, "काका, लागलं का तुम्हाला?" त्याच्या तोंडावर मी बुक्की मारली. मग दुसरी. त्याचं नाक मऊ लागलं, त्यामागचं हाड टणक. तिसरी त्यानं डोकं फिरवल्यामुळे टेम्पोच्या दारावर बसली आणि माझ्या हातातून कळ खांद्यापर्यंत गेली, तेव्हा मला बरं वाटलं. त्यानं हात वर केला नाही. नुसता दोन्ही हातांनी चेहरा झाकून खाली बसला आणि मी त्याच्या पाठीत लाथा घातल्या. मागे येतानाचं गाणं चालूच होतं, गिअर तसाच राहिला होता. लोकांनी मला ओढून बाजूला केलं. एकानं माझी पाठ थोपटली आणि त्यालाच म्हणाला, "बघून चालव ना. वयस्क माणूस आहे." त्याच्या शर्टावर रक्ताचे थेंब पडत होते आणि तो मान हलवून हो म्हणत होता.

तो हा नव्हता. हे मला कॉलर धरतानाच ठाऊक होतं. ज्याच्या टेम्पोखाली माझी बायको गेली त्याला मी एकदाच पाहिलं, चौकीवर, बाकावर बसून बिस्किटं खात होता. कोणीतरी दिली असतील. फार बारीक माणूस. एक एक बिस्कीट अर्धं मोडून तोंडात टाकत होता आणि मांडीवरचा चुरा झटकत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, त्यानं वर पाहिलं, मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी बाहेर आलो. तेव्हा हात उचलला नाही. ती दोऱ्याच्या दुकानातून निघाली होती, जुन्या कपड्यांची दुरुस्ती करायची ती, उसवलेलं, ढगळ झालेलं, कोणाला घट्ट होणारं. गल्ली अरुंद, टेम्पो मागे येत होता, पाठीमागे भिंत. तिला ओरडायला वेळ मिळाला की नाही हे मी कोणाला विचारलं नाही. आईंनी विचारलं. आई म्हणजे माझी सासू. दुकानदाराकडे स्वतः जाऊन विचारून आल्या आणि काय कळलं ते मला सांगितलं नाही.

आज संध्याकाळी मेहुणा त्यांना न्यायला येणार होता. फोनवर तो म्हणाला होता, "दाजी, राग मानू नका. पण ताई होती तोवर ठीक होतं. आता आई तुमच्याकडे कोणत्या नात्यानं राहणार?" मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार. मांडीचं हाड मोडल्यावर आई आमच्याकडे आल्या त्या राहिल्याच. आम्हाला मूल नाही, जागा होती. आता घरात त्या आणि मी. दोघांचा मिळून एकच माणूस होता, तो गेला, आणि टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही जेवत होतो. मी राहा म्हटलं नाही, त्या राहते म्हणाल्या नाहीत. काल त्यांनी बॅग काढून दाराशी ठेवली तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्या गेल्या की तिच्याबद्दल ज्याला काही सांगावं लागत नाही असं घरात कोणी उरणार नव्हतं. आतून त्या म्हणाल्या, "जावई, गॅलरीतून उडी मारणार असाल तर वाळत घातलेले कपडे आधी आत घ्या." त्या अशाच बोलतात. लेक गेल्यापासून एकदाही रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना चहा करून द्यायच्या आणि त्यांनाच समजवायच्या.

मी नदीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. शहराच्या टोकाला पत्र्याची लांबच लांब शेड आहे आणि तिच्यात एक नदी आहे. खऱ्या नदीचा एक पट्टा मापानं लहान करून सिमेंटच्या काठांमध्ये बसवलेला. तळाला चाळलेली वाळू आणि कोळशाचा भुगा. वरच्या टोकाला पाण्याची टाकी आणि मोठ्या चाकाचा व्हॉल्व्ह, खालच्या टोकाला जाळी. वाळू अंथरायची, नकाशाबरहुकूम बेटं घालायची, पाणी सोडायचं, हे माझं काम. आई शेजारणींना सांगायच्या, "आमचे जावई नदी चालवतात. दुपारी जेवायला थांबते त्यांची नदी." खऱ्या नदीवर वरच्या अंगाला धरण झालं आणि खाली पूर यायचा बंद झाला. लोकांना वाटलं सुटलो. पण पूर यायचा तेव्हा वाळूची बेटं मोडायची आणि पाणी ओसरताना दुसरीकडे नवी पडायची, उघडी, स्वच्छ. बेटांच्या कडेनं लहान फाटे राहायचे, उन्हाळ्यात पाणी अगदी कमी झालं तरी त्यात गुडघाभर कोमट पाणी असायचं आणि माशांची पिल्लं तिथे वाढायची. पूर थांबला तशी बेटं जागच्या जागी राहिली. त्यांच्यावर झुडपं वाढली, झुडपांच्या मुळांनी वाळू धरून ठेवली, फाट्यांत गाळ बसला, मासे गेले. उघड्या वाळूवर अंडी घालणारे पक्षी होते तेही गेले. आता धरणातून वर्षातून एकदा मुद्दाम पूर सोडावा का, आणि सोडला तर केवढा, हे आमच्या शेडमध्ये बघायचं चाललं होतं.

त्या झुडपांसाठी आम्ही ब्रशांचे केस वापरले. ते तिनं कापले होते. मी पोतंभर जुने ब्रश घरी आणले आणि ती आणि आई दोघी संध्याकाळी बसून केस कापायच्या, चिमूटभर केसांना खाली दोरा गुंडाळून गाठ मारायच्या. एका बेटाला शेकडो लागतात. आई म्हणाल्या, "नदीला केस लावताय ते ठीक आहे, आधी नवऱ्याच्या डोक्याला लाव की." ती इतकी हसली की मांडीवरच्या जुड्या जमिनीवर सांडल्या. तिची कात्री मोठी होती, कापडाची, आणि केस कापताना तिचा आवाज वेगळा यायचा, करकर. दुसऱ्या दिवशी मी त्या जुड्या मधल्या मोठ्या बेटात रोवल्या. दाट झाडी झाली. ती गेली त्यानंतर शेडमध्ये बरंच काम झालं, लहान पूर सोडून पाहिले, त्या बेटाचं काही बिघडलं नाही. पाणी दोन्ही अंगांनी जायचं आणि झाडी तशीच उभी. रोज सकाळी आत शिरलं की मी आधी तिकडे बघायचो. हे कोणाला माहीत नव्हतं. आज मोठ्या बेटावर पूर घालायचा होता.

पंपावरच्या माणसाला आम्ही पिपाणी म्हणतो, आवाज तसा आहे आणि थांबत नाही. माझा हात बघून म्हणाला, "अरे बापरे, काय केलंत दादा? कोणाला धुतलंत? सुजून भोपळा झालाय. वहिनींनी बघितलं तर आज जेवायला..." आणि थांबला. पिपाणी थांबल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मग तो पंपाकडे गेला आणि तिथे काहीतरी उगीच घट्ट करत बसला. मला त्याचा राग आला नाही. माझंही होतं तसं. मधेच वाटतं, हे तिला सांगू.

साहेब आले, त्यांच्याबरोबर माशांचा अभ्यास करणाऱ्या बाई. साहेब माझ्याहून लहान आहेत, नीट माणूस आहे. ती गेली तेव्हा हॉस्पिटलमध्ये माझ्याजवळ बसून होते. म्हणाले, "आज मधला पूर. पाणी मोजायच्या दांडीवरच्या लाल खुणेपर्यंत. त्याच्यावर नाही. हळू चढवा, तिथे धरा, आणि उतरवताना त्याहून हळू." मी म्हटलं हो. सुजलेल्या हाताची बोटं मिटत नव्हती, मी चाकावर तळवा दाबून ढकललं. पाणी आलं. आधी त्याला काही आवाज नसतो, नुसती वाळूची चमक जाते. बेटाच्या नाकाशी ते फुटलं आणि दोन्हीकडे वळलं. झाडीच्या पहिल्या रांगेत शिरलं. केस वाकले, परत उठले. प्रत्येक जुडीच्या मागे वाळूत लहानसा खळगा पडू लागला. मी चाक फिरवत होतो. त्याचं नाक माझ्या बुक्कीखाली मऊ लागलं होतं. काका, लागलं का तुम्हाला. पाणी लाल खुणेला आलं आणि बेट उभंच होतं. वाळू मुळांनी धरलेली, दोऱ्याच्या गाठींनी धरलेली, तिनं मारलेल्या गाठींनी. मला त्या बेटाचा संताप आला. इतकं काय धरून बसायचं. मी चाक पुढे फिरवलं. साहेब म्हणाले, "बास." मी फिरवलं. "अहो, बास म्हणतोय." आता आवाज आला होता, शेडच्या पत्र्याला लागून परत येणारा. बेटाच्या डाव्या कडेचा एक तुकडा सुटला आणि सबंध पाण्यात आडवा झाला, त्याच्यावरची झाडी तशीच उभी असताना. मग त्याच्या मागचा. कोळशाचा भुगा वर आला, पाणी काळं झालं. जुड्या एकेक करून निघाल्या नाहीत, झुंडीनं निघाल्या, वाळूतून उपसून, मुळं वर करून. मला कोणीतरी कोणाचे केस उपटतंय असं दिसत होतं आणि मी थांबलो नाही. सुजलेला हात चाकाच्या दांडीवर आपटत होता, आपटला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं, आणि मी आणखी आपटत होतो.

खऱ्या नदीवर आम्ही एकदा गेलो होतो, धरणाची दारं बंद व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात. बेटांची मापं घ्यायला मला पाठवलं होतं, ती हट्टानं बरोबर आली. पाणी इतकं कमी की फाट्यातून चालत बेटावर जाता आलं. बोटाएवढी पिल्लं तिच्या पायांना येऊन लागत होती आणि ती एका पायावर उभी राहून किंचाळत होती आणि दुसरा पाय परत पाण्यात घालत होती. वर वाळू तापलेली. वाळूतच, काडी नाही, पान नाही, नुसत्या खळग्यात तीन अंडी होती, वाळूच्याच रंगाची. तिचा पाय पडता पडता राहिला. डोक्यावर तो पक्षी ओरडत घिरट्या घालत होता, तिच्या डोक्यात चोच मारायला खाली यायचा. ती डोक्यावर पिशवी धरून बसली आणि मला विचारलं, "पुरात हे सगळं जातं?" म्हटलं सगळं. बेटसुद्धा. "मग पुढच्या वर्षी कुठे घालतात?" म्हटलं, नवं पडतं ना. ती म्हणाली, "बरं आहे. दरवर्षी नवं घर. जुनी भांडी घासायला नकोत." परत येताना स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून झोपली. तिच्या पायांची वाळू आठवडाभर घरात सापडत होती. आई कुरकुरायच्या, "एक नदी शेडमध्ये आहे ती पुरत नाही का तुम्हाला."

साहेबांनी माझं मनगट धरलं. नेमकं तेच. कळ अशी आली की मी त्यांना ढकललं, ते काठावर बसकण मारून पडले, चष्मा पाण्यात गेला. त्यांच्यावरही माझा हात उगारलेला होता. मला दिसलं की त्यांनी चेहरा झाकलाय, सकाळच्या माणसासारखाच, दोन्ही हातांनी. मी वळलो आणि चाक उलटं फिरवून एका दमात बंद केलं, अंगाचा सगळा भार घालून, कोणाचा तरी गळा दाबावा तसं. पाणी गेलं. आणि मग ते झालं जे पूर चालू असताना झालं नव्हतं. दोन्ही काठ कोसळले. पाणी होतं तोवर ते उभे होते, त्यांच्या पोटात पाणी भरलेलं आणि बाहेरून पाण्यानंच टेकू दिलेला. बाहेरचं पाणी एकदम गेलं आणि ते गुडघे मोडल्यासारखे खाली बसले. फाटा पुरानं चांगला खोल खणला होता, मला दिसला होता तो. त्याच्या तोंडावर सगळी वाळू येऊन पडली.

बाई पुलासारख्या टाकलेल्या फळीवर ओणव्या होऊन बघत होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, "पूर मोठा झाला त्याचं काही नाही. हा फाटा बघा ना, किती छान झाला होता. पण असं एकदम बंद केल्यावर खऱ्या नदीत इथे जे काही जिवंत होतं ते आतच राहिलं असतं. चार दिवसांत पाणी तापून मेलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हात कोणाला तरी दाखवा." साहेब चष्मा शोधत होते. त्यांनी तो पुसला, घातला, एका काचेला तडा गेला होता. "घरी जा," म्हणाले. "उद्याचं उद्या बघू. आज घरी जा." मी सॉरी म्हटलं. त्यांनी मान हलवली. खालच्या जाळीवर केसांच्या जुड्यांचा ओला काळा ढीग झाला होता. पिपाणीनं विचारलं, "दादा, हे ठेवू का धुऊन?" म्हटलं, टाकून दे. तो हललाच नाही. मग मीच फावड्यानं उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकलं.

घरी पोचलो तेव्हा खाली मेहुण्याची गाडी होती. वर दार उघडंच. आई खुर्चीवर बसल्या होत्या, पायात चपला, बॅग बाजूला. मेहुणा उभा होता. माझा हात बघून म्हणाला, "हे काय?" मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही डोक्यात आलंच नाही. टेम्पोवाला सांगितला, साहेबांना ढकललं ते सांगितलं. तो आईंना म्हणाला, "ऐकलंस? चल. याच्याजवळ तुला एक मिनिट ठेवणार नाही मी. उद्या तुझ्यावर हात टाकायचा." मी म्हटलं, "हो, घेऊन जा." तोंडातून आलं खरं तसंच. आई उठल्या. काठी घेतली नाही. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, माझ्या छातीला लागतात त्या.

"मारलंत त्याला?"

"हो. पण तो नव्हता, आई. दुसराच होता कोणी."

"ते कळलं मला. मी बहिरी नाही." त्यांनी माझ्या सुजलेल्या हाताकडे बघितलं. "ती ओरडली होती. दुकानदारानं सांगितलं मला. दोनदा ओरडली. त्या मेल्या गाण्यात ऐकूच आलं नाही कोणाला." मग म्हणाल्या, "मला का नाही नेलंत सकाळी? मला का नाही हाक मारलीत? एकटे गेलात मारायला?"

आणि त्यांनी मला मारलं. मूठ वळता येत नाही त्यांना नीट, तशीच वळून माझ्या छातीत मारली. मग गळ्याखाली. मग तोंडावर, ओठ दातावर चिरला. त्यांच्या तोंडातून शब्द येत नव्हता, नुसता दम लागल्याचा आवाज, जनावरासारखा, आणि त्या मारत होत्या. बारीक हात, पण हाड होतं त्याला. मेहुणा "आई, आई" करत मधे आला तर त्याच्याही कानाखाली बसली. "तू मधे येऊ नकोस. आमचं चाललंय." माझी पाठ दाराच्या चौकटीला लागली. मी हात खाली ठेवले होते. मला मार हवा होता म्हणून नाही, ते काय चाललंय हे मला कळत होतं, इतकंच. त्यांचा एक फटका चुकला आणि चौकटीवर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्या थांबल्या. आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे. मग माझ्या शर्टात तोंड घालून रडल्या. मोठ्यानं. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मी डाव्या हातानं त्यांची पाठ धरली होती. मी रडलो की नाही मला सांगता येणार नाही, शर्ट दोघांच्यामुळे भिजला असेल.

मेहुण्यानं गाडी काढली. मागच्या सीटवर आई आणि मी, दोघांचेही हात मांडीवर उताणे ठेवलेले. वाटेत आई म्हणाल्या, "जोरात हाणलं का हो मी?" म्हटलं, "ओठ फुटला." त्या म्हणाल्या, "फुटणारच. तिच्या बापालाही सवय होती माझ्या हाताची," आणि हसायला गेल्या ते मनगटात कळ आली म्हणून राहिलं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं आधी माझा हात पाहिला, मग त्यांचा, मग माझा ओठ. "एकाच अपघातात लागलं का दोघांना?"

"एकाच," आई म्हणाल्या.

"हे कोण तुमचे?"

मी खाली फरशीकडे बघत होतो. मेहुणा म्हणाला, "मी मुलगा यांचा. हे माझे..." आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. डॉक्टर प्लास्टरची पट्टी भिजवत होता. त्यानं त्यांचं मनगट जरासं ओढून सरळ केलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला दातांनी धरावं तसं घट्ट धरलं आणि सोडलं नाही. प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघत आम्ही तसेच बसलो. बऱ्याच वेळानं त्या मेहुण्याला म्हणाल्या, "उशीर झालाय. आता कुठे जातोस गाडी घेऊन. आजची रात्र राहा आपल्याकडे."

"आपल्याकडे?" तो म्हणाला.

"मग कुठे?" आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "जाताना दूध घ्या जावई. हा सकाळी दोनदा चहा पितो."